ढोल्यानं पायाकडं बघावं

आबा,

गेल्या आठवड्यात मी एका बँडात भरती व्हायला गेले होते. लग्नातल्या नाही, लाल डगले घालून नवरदेवाच्या घोड्यापुढं चालतात त्यांच्यातल्या नाही. हा गिटारीवाला बँड. विजेवरची गिटार असते, ती वाजली की फळीवरची भांडी हलतात, आणि गाणारा गातो थोडं नि ओरडतो जास्त. त्याला रॉक म्हणतात. तुम्ही असता तर तोंडातली तंबाखू थुंकून, पटका सारखा करून म्हणाला असता, "खुळी झाली काय गं?" झाले. चौसष्टाव्या वर्षी झाले. आणि केसभर हुकलं. ते कसं हुकलं हे सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षं झाली. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि तुम्ही होता तोवर मलाही येत नव्हतं. मी पुढं शिकले, एसटीच्या पाट्या वाचत वाचत. केज, कळंब, अंबाजोगाई ही माझी बाराखडी. मग पोरांच्या पुस्तकांतून बाकीचं. त्यामुळं चुका असतील. तुम्हाला त्या काढता यायच्या नाहीत, हे एक बरं आहे.

त्या बँडाची नि माझी ओळख चुलीपुढं झाली. अकरावीतली नात मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून अभ्यास करते असं म्हणते, आणि गाणी बघते. मी भाकरी थापत होते. पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी पत्र्यावर खडी ओततंय. "बंद कर ते," म्हणलं. पण बंद करायच्या आत त्या गलक्याखालून एक ठेका आला, खालून, जमिनीतून यावा तसा, आणि माझा हात परातीवरच थांबला. तव्यावरची भाकरी करपली. सूनबाई म्हणाली, "आत्या, वास येतोय." म्हणलं, "येऊ दे, पुन्हा लाव गं ते." तिथून दोन वर्षं झाली, त्यांचं एक गाणं सोडलं नाही. आपल्याच जिल्ह्यातली पोरं आहेत, शिकायला पुण्याला गेली नि तिथंच राहिली. तीन पोरं आणि एक पोरगी. एकजण गातो, एक बारीक तारांची गिटार वाजवतो, एक बसून पाच-सहा ड्रम बडवतो. पोरगी जाड तारांची गिटार वाजवते, घुमणारी. ती गिटार पट्ट्यानं गळ्यात अडकवते, पाय फाकवून उभी राहते, आणि हजार माणसं खाली उभी असतात, पण एकजणही उठून म्हणत नाही की पोरी, ते गळ्यातलं काढ. मी गाणं ऐकायचे ते खरं, पण बघायचे तो पट्टा.

तुम्हाला कळलं असेल मी कुठं चालले आहे. बिरोबाच्या जत्रेचा तो दिवस. मी बारा वर्षांची. गजाचा नाच करून माणसं दमली होती, पारावर चहाला बसली होती, भंडाऱ्यानं सगळ्यांच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या. तुमचा ढोल देवळाच्या पायरीवर एकटा. मी इकडं तिकडं बघते, पट्टा गळ्यात घालते. काय वजन होतं! मान पुढं ओढली गेली, तरी उजव्या हातातली काठी हाणली आणि डाव्या हाताची थाप दिली. तीन वेळा. चौथी थाप पडायच्या आत तुम्ही पारावरून आलात. मारलं नाहीत. मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरले असते. तुम्ही सावकाश पट्टा काढून घेतलात, आणि साऱ्या भावकीसमोर म्हणालात, "बाईच्या गळ्यात डोरलं शोभतंय, ढोल न्हाई." माणसं हसली. मग तुम्ही ढोलावर चिमूटभर भंडारा टाकलात, विटाळ फिटावा म्हणून. ते हसणं मी सोडून दिलं, आबा. तो भंडारा अजून डोळ्यात आहे.

पण ऐकायला कोण बंदी घालणार? भाऊ आणि चुलत्यांची पोरं तुमच्याकडं शिकायला बसायची, आणि मी कोकरांना पाणी दाखवायच्या निमित्तानं जवळपास असायचे. तुम्ही त्यांना एकच गोष्ट शंभरदा सांगायचा. "ढोल्यानं तोंडाकडं बघायचं न्हाई, पायाकडं बघायचं. तोंड खोटं बोलतंय, पाय बोलत न्हाई." आपल्याकडं ठेका ढोल्या ठरवत नाही. म्होरका रुमाल उडवून नाचतो, त्याचा पाय जसा पडेल तसा ढोल जातो. त्यानं घाई केली तर ढोलानं घाई करायची, तो रेंगाळला तर ढोलानं वाट बघायची. तुम्ही मान खाली घालून वाजवायचा, लोकांना वाटायचं देवाचं ध्यान लागलंय. तुम्ही पाय बघत असायचा. पोरं मात्र तुमच्या तोंडाकडं बघत शिकली, म्हणून एकालाही धड आलं नाही.

मी शिकले मांजरा नदीच्या काठाला. दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडी घालून उभी राहायची, तुम्ही लिंबाखाली घोंगडी तोंडावर ओढून आडवे व्हायचा, आणि मी गोड्या तेलाचा रिकामा डबा मांडीवर घ्यायचे. एका बाजूला काटकी, एका बाजूला तळवा. दोन उन्हाळे मी तो डबा वाजवला. डब्याला पोचे पडले तेव्हा आई म्हणाली, "ह्याला काय बैलानं तुडवलं का?" तुम्ही जेवत होता. मान वर न करता म्हणालात, "जुना झालाय त्यो. दुसरा दे तिला पाणी न्यायला." म्हणजे दुसरा डबा आला. बघा, मी काही विसरलेले नाही.

मग लग्न झालं, युसूफ वडगाव ह्या गावी मी नांदायला आले, डोरलं गळ्यात पडलं आणि शोभलंही. तुम्ही गेल्यावर भावानं ढोल सोप्यात टांगला, मग सोप्यातून कांद्याच्या चाळीत टाकला. त्या वर्षी दिवाळीला भावानं विचारलं, "आक्का, लुगडं कोनतं घिऊ?" म्हणलं, "लुगडं नको, ढोल दे." तो म्हणाला, "अगं घिऊन जा, उंदरं लागलीत त्येला." बैलगाडीत मांडीवर घेऊन मी तो आणला. दोन्ही बाजूंना नवं कातडं चढवून घेतलं. तेव्हापासून गावातल्या पंचमीच्या फेराला ढोल माझा असतो. पहिल्या वर्षी सासऱ्यानं आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी त्यांना चहा नेला आणि म्हणलं, "मामंजी, ढोलात तुमचं काय अडकलंय का?" ते हसले आणि तिथून प्रश्न मिटला. बायका फेर धरतात, मी मान खाली घालून त्यांचे पाय बघते. जोडवी कुणाची आहेत, भेगा कुणाच्या आहेत, पायावरून मला आख्खं गाव ओळखता येतं.

यंदा नातीनं मोबाईल तोंडापुढं धरला. "आज्जी, बँडाला ढोलवाला पायजे. ऑडिशन केजला हाय, आपल्या लोकांतलाच पायजे म्हंत्यात." मी वाचलं. ढोलवाला लिहिलं होतं, ढोलवाली नव्हतं. म्हणलं, "भर माझं नाव." सूनबाईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "आत्या, लोक काय म्हणतील?" म्हणलं, "लोक म्हणतील म्हातारी ढोल वाजवती. खोटं थोडंच म्हणतील?" केजच्या जीपमध्ये ढोल मांडीवर घेऊन बसले तर ड्रायव्हर म्हणतो, "आज्जे, ह्येचं अर्धं तिकीट लागंल." म्हणलं, "माझ्या बापाचा हाय, ज्येष्ठ नागरिक हाय. सवलत धर."

एका शिकवणीच्या वर्गात ती परीक्षा होती. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धवट राहिलेलं. पंधरा-वीस पोरं आली होती, एकेकाच्या दंडावर वाघ काढलेला. एकजण म्हणाला, "मावशी, नातवाला घिऊन आलाव का?" म्हणलं, "न्हाई रं, नात मला घिऊन आलीया." दुसरा म्हणतो, "ढोल उचलंल का तुमाला?" म्हणलं, "तू उचलून बघ की, तवर मी चहा पिते." उचलला त्यानं, आणि गपकन खाली ठेवला. त्यांच्यात एक तलवाड्याचा पोरगा होता, बारीक अंगाचा, कोपऱ्यात बसून आपल्याच गुडघ्यावर बोटं वाजवणारा. तो हसला नाही. सरकून मला बाकावर जागा दिली.

दारात त्या जाड तारांच्या गिटारीवाल्या पोरीनं सगळ्यांचा कागद भरून घेतला. मोबाईलमधली पोरगी समोर बसलेली, नाकात मोरणी, नखं माझ्यासारखीच तुटकी. मला एकदम लाज वाटली, देवळात चप्पल घालून शिरल्यासारखी. तिनं कागद पुढं सरकवला, मी म्हणलं, "माझा मी लिहिते." नाव लिहिलं, गाव लिहिलं. खाली लिहिलं होतं, कोणाकडून शिकलात? मी लिहिलं, कोणी नाही. तिनं वाचलं. "खरंच, आजी? तुमचं तुमीच?" म्हणलं, "माझं मीच."

पहिल्या फेरीत एकट्यानं वाजवायचं होतं. मी डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं ते आतल्या आत. पायाकडं बघायची सवय, आणि तिथं नाचायला कुणी नव्हतं, तर मी नातीचे पाय बघितले. ती भिंतीला टेकून उभी होती, तिला कळलं, तिनं टाच आपटायला सुरुवात केली. मग मी सोडलं, आबा. गजाचा संथ ठेका, मग दुडका, मग घोडदौड. ज्यानं ढोल उचलून बघितला होता त्याच्या हातातला चहा गार झाला. मध्येच ती पोरगी उठली, गळ्यात गिटार अडकवली आणि माझ्या ठेक्यात शिरली. खालून दोन आवाज एकत्र निघाले, खिडकीच्या काचा थरथरल्या. ढोल थांबला. गाणारा म्हणाला, "आजी, हे कुठं होतं इतके दिवस?" म्हणलं, "कांद्याच्या चाळीत."

शेवटी दोघं राहिलो. मी आणि तो तलवाड्याचा.

दुसऱ्या फेरीत त्यांच्याबरोबर त्यांचं गाणं वाजवायचं. मला ते पाठ, माझ्या चुलीला पाठ. पण त्यांनी कानाला लावायचं एक यंत्र दिलं. त्यात घड्याळासारखी टक टक टक वाजत असते, तिला ते क्लिक म्हणतात. सगळ्यांनी त्या टकटकीवर चालायचं, कारण दिवे, धूर, मागचा पडदा सगळं कॉम्प्युटरवर असतं आणि कॉम्प्युटर तिचंच ऐकतो. मी पदरावरून ते कानाला लावलं. गाणं सुरू झालं. मी खाली बघितलं. गाणाऱ्याचे पांढरे बूट, गप्प. बारीक गिटारवाल्याचे बूट, गप्प. ड्रमवाला बसलेला, त्याचे पाय आड गेलेले. सगळ्यांच्या कानात टकटक, मग पायांना काय काम? एकच पाय हलत होता, त्या पोरीचा, जुनी चप्पल, अंगठ्याशी शिवलेली. तिला गाणं चढत होतं आणि पाय केसभर पुढं पळत होता. ढोल त्या पायामागं गेला. गाणाऱ्यानं हात वर करून थांबवलं. "आजी, क्लिक सुटलं तुमचं." मी म्हणलं, "मग हिचा पाय काय चुकीचा हाय का?" पोरगी लाजली. "चूक न्हाई आजी, पण कानातलं ऐकायचं." म्हणलं, "तुमी सगळे दगडासारखे उभे, पाय हलवा की रं जरा, ढोलाला कळंल कुठं जायचं ते." हसले सगळे. पुन्हा लावलं.

दुसऱ्यांदा मी टकटकीला धरून राहिले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, बैल औताला धरावा तसं. सगळे माना डोलवत होते, झालंच होतं माझं. मग शेवटच्या कडव्याला ती पोरगी उडाली. जागच्या जागी, दोन्ही पायांनी. आणि माझा ढोल तिच्याबरोबर उडाला. ह्या वेळी कुणी हात वर केला नाही, थांबवताच येईना कुणाला. दारातली पोरं नाचायला लागली, तलवाड्याचा नाचायला लागला, आणि गाणं जिथं संपायचं त्याच्या कितीतरी आधी जाऊन संपलं. मागं कॉम्प्युटर एकटाच टकटक करत राहिला.

त्यांनी आत जाऊन पंचायत केली. चौघं ते, आणि कॉम्प्युटर सांभाळणारा पाचवा. पोरगी आणि बारीक गिटारवाला माझ्या बाजूनं, गाणारा आणि ड्रमवाला तलवाड्याच्या बाजूनं. कॉम्प्युटरवाल्याचं मत कॉम्प्युटरकडं गेलं. एक बोट, आबा. एका बोटानं मी मागं राहिले. गाणाऱ्यानं बाहेर येऊन माझ्या पायाला हात लावला, डोळ्यात पाणी होतं त्याच्या. गुणाचं पोरगं आहे, त्याच्यावर राग नाही. मग म्हणाला, "आजी, पण आमच्या नव्या व्हिडिओत तुमी पायजेच. मधोमध उभं राहायचं, गळ्यात ढोल. वाजवायची गरज न्हाई, आवाज आमी मागून टाकू." तो प्रेमानं बोलला, माझ्यात मात्र बारा वर्षांची पोर उठून उभी राहिली. मी म्हणलं, "बाळा, ढोल गळ्यात घालून मुकंच उभं राहायचं तर डोरलं काय वाईट हाय? ते हलकं तरी असतंय." पोरगी खदखदून हसली, आणि तसंच हसता हसता तिनं डोळे पुसले.

निघताना तलवाड्याचा आडवा आला. मान खाली. "आज्जी, खरं तर तुमीच जिंकला आसता." म्हणलं, "आसता-नसता चुलीत घाल. इकडं ये." त्याचा पट्टा चुकीच्या भोकात होता, खांदा कापत होता. तो सारखा करून दिला. "टकटक ऐक, ती तुझी नोकरी हाय. पर अधनंमधनं त्या पोरीच्या पायाकडं बघत जा. गाणं तिथं असतंय." तो म्हणाला, "आन् पाय पुढं पळला तर?" म्हणलं, "तर तुझ्या नोकरीचं तू बघ."

जीपमध्ये नात रडली. मी नाही रडले. गावात शिरताच शेजारीण म्हणाली, "काय झालं वो?" म्हणलं, "दुसरी आले." "बरं झालं बाई, या वयात कुठं ते..." म्हणलं, "बरं कावून झालं? पहिली आले असते तर जास्त बरं झालं असतं." लोकांना वाटतं हरलेल्या माणसानं जरा खांदे पाडून चालावं, म्हणजे त्यांना धीर द्यायला सोपं जातं. मी ढोल डोक्यावर घेऊन पेठेतून चालत आले. पंचमी पुढच्या महिन्यात आहे. सूनबाईनं परवा, पीठ मळता मळता, खाली मान घालून विचारलं, "आत्या, तो डाव्या हाताचा ठेका कसा धरायचा?" तिला परात पालथी घालून दिली आहे. पुढच्या वर्षी कुठल्या बँडाला ढोलवाला लागला तर आम्ही दोघी जाऊ. दोघींना नाही म्हणायचं म्हणजे त्यांना जास्त बोटं लागतील.

तुमचं म्हणणं खोटं ठरलं, आबा. ढोल शोभतो. एका टकटकीनं मला बाहेर ठेवलं, ढोलानं नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छपन्न... नाही, बावन्न वर्षांची इच्छा होती, ती आज कागदावर पुरी केली.

हा कागद टाकायचा कुठं? ढोलात टाकला तर आवाज बसेल. पिठाच्या डब्याखाली ठेवते. आणि ठेवायच्या आधी एक लिहायचं राहिलं आहे, ते लिहू की नको म्हणून दोन दिवस घालवले.

मांजरेच्या काठाला तुम्ही घोंगडी तोंडावर घ्यायचा. घोंगडी आखूड होती, पाय बाहेर राहायचे. मी डबा वाजवायला लागले की तुमच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. मी चुकले की थांबायचा. बरोबर आले की पुन्हा चालू. कधी तो मुद्दाम पुढं पळायचा, मी पोचते का बघायला, आणि मी पोचायचे. दोन उन्हाळे तुम्ही एकही दुपार झोपला नाहीत. मला ते माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही, मी रागानं, तुम्ही कशानं ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

केजच्या त्या कागदावर मी लिहिलं, कोणी नाही. खोटं लिहिलं. कागद त्यांच्याकडं राहिला, आता खोडता येत नाही.